लपलेल्या जंतूचा रक्तातला माग

तांबडी रक्तपेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडते तेव्हा ती अजून कोवळी असते, आणि पक्व होण्याआधी तिला अंगावरचं बरंच सामान टाकून द्यावं लागतं. हिमोग्लोबिन बनवायला लोह लागतं. ते लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्स्फेरिन नावाच्या प्रथिनाला पकडणारे रिसेप्टर कोवळ्या पेशीच्या अंगभर पसरलेले असतात. हिमोग्लोबिन भरून झालं की त्यांचं काम संपतं आणि पक्व पेशीवर त्यांचा मागमूस उरत नाही. मग ते जातात कुठे? १९८३ साली दोन प्रयोगशाळा एकमेकींपासून स्वतंत्रपणे याच प्रश्नामागे लागल्या होत्या. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन यांचा गट मेंढीच्या पेशी तपासत होता. अमेरिकेत सेंट लुईसला क्लिफर्ड हार्डिंग, जॉन ह्यूझर आणि फिलिप स्टाल उंदराच्या पेशी घेऊन बसले होते.

सेंट लुईसच्या मंडळींनी ट्रान्स्फेरिनला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोनं काळाभोर ठिपका होऊन दिसतं, त्यामुळे रिसेप्टर जाईल तिथे ठिपका. पेशी हे रिसेप्टर आतल्या आत जिरवून टाकत असणार, अशी तेव्हाची समजूत होती. दिसलं ते निराळंच. ठिपके पेशीच्या आत गेले, एका पिशवीत जमले. त्या पिशवीच्या भिंतीतून आतल्या अंगाला इवल्याइवल्या पुटिका सुटल्या आणि ठिपके त्या पुटिकांवर बसले. मग ती पिशवी पेशीच्या कडेला सरकली, बाहेरच्या बाजूला उघडली आणि आतल्या सगळ्या पुटिका बाहेर सांडल्या.

यातली भूमिती मला फार सुंदर वाटते. पेशीचं आवरण एकदा आत वळलं, तेव्हा पिशवी झाली. पिशवीचं आवरण पुन्हा आत वळलं, तेव्हा पुटिका झाली. दोनदा उलटल्यामुळे पेशीची बाहेरची बाजू पुटिकेवरही बाहेरच राहते, आणि पुटिकेच्या पोटात पेशीच्या अंतरंगातल्या रसाचा एक कण बंद होतो. पेशीने स्वतःचाच एक सूक्ष्म नमुना काढून दारात ठेवावा, असं हे काम आहे. जॉनस्टोन यांनी १९८७ साली या पुटिकांना एक्सोसोम हे नाव दिलं. पुढची कित्येक वर्षं बहुतेक शास्त्रज्ञ त्यांना पेशीचा केरकचराच समजत होते. १९९६ मध्ये ग्रासा रापोझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रोगप्रतिकारक बी-पेशींच्या पुटिका इतर पेशींना परक्या प्रथिनाची ओळख पटवून देऊ शकतात. २००७ मध्ये स्वीडनमध्ये यान लोटवाल यांच्या गटाला पुटिकांमध्ये आरएनए सापडला. कचऱ्यात निरोप असतात हे तेव्हा साऱ्या जीवशास्त्राला मान्य करावं लागलं.

आता आपल्याला माहीत आहे, की शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी अशा पुटिका सोडत असते. त्यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा हजार समान भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे मध्यम आकाराची एक पुटिका. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्या अब्जावधींनी असतात. यकृताच्या, मेंदूच्या, फुप्फुसाच्या, प्लेटलेटच्या, सगळ्यांच्या पुटिका एकाच प्रवाहात मिसळून वाहत असतात. दंडातून काढलेल्या नळीभर रक्तात, ज्या अवयवांपर्यंत आपली सुई कधी पोहोचणार नाही, त्यांचे हे नमुने आधीच येऊन ठेपलेले असतात.

क्षयाच्या जंतूची गोष्ट इथून सुरू होते.

क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाची भक्षक पेशी त्याला गिळते. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो. ती पिशवी पाचक रसांच्या पिशवीला जाऊन मिळावी आणि जंतू पचून जावा, हा शरीराचा रिवाज. क्षयाचा जंतू हा मिलाफ होऊ देत नाही. १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या लंडनच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं. गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात तो घर करतो आणि तिथे महिने, वर्षं, कधी कधी दशकं काढतो. त्याच्याभोवती प्रतिकारक पेशींचा वेढा पडतो, गाठ तयार होते, आणि माणूस हिंडतो-फिरतो, कामाला जातो, त्याला काही कळतही नाही.

पण जिवंत जंतू स्वस्थ बसू शकत नाही. त्याला भिंत दुरुस्त करावी लागते, लोह साठवावं लागतं, खाणं मिळवावं लागतं. त्यासाठी तो प्रथिनं बनवतो आणि त्यातली बरीच स्वतःच्या बाहेर सोडतो. ती प्रथिनं भक्षक पेशीच्या वाहतुकीत सापडतात, आणि त्यातली काही पुटिका बनवणाऱ्या पिशवीत जाऊन पोहोचतात. दारासमोर काढलेल्या चपलांवरून घरात कोण पाहुणा आला आहे हे जसं आत न डोकावता कळतं, तसंच काहीसं इथे घडतं. जंतू आत बसून राहतो आणि त्याची ओळख सांगणाऱ्या वस्तू भक्षक पेशीच्या उंबऱ्याबाहेर येऊन पडतात.

हे स्पष्टपणे दाखवलं ते अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात जेफ्री शोरी यांच्या प्रयोगशाळेने. २००७ मध्ये संचिता भटनागर, शोरी आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की जंतुसंसर्ग झालेल्या भक्षक पेशी ज्या पुटिका सोडतात, त्या निरोगी पेशींच्या पुटिकांपेक्षा वेगळ्या असतात. त्यांच्यावर जंतूचे घटक असतात आणि शेजारच्या पेशींना त्या चेतवतात. २०१० मध्ये याच प्रयोगशाळेने, कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या कॅरन डोबोस यांच्या साथीने, या पुटिकांमधल्या प्रथिनांची मोजदाद केली. क्षयाच्या जंतूची तब्बल ४१ प्रथिनं त्यात सापडली. त्यातली कित्येक अशी, की माणसाची प्रतिकारशक्ती ज्यांना पाहताच खवळते.

हे इतकं महत्त्वाचं का, ते समजायला क्षयाचं निदान आजही कशावर अडलं आहे ते पाहावं लागतं.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. आपल्या आनंदीबाई जोशी त्यानंतर चार वर्षांनी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात क्षयानेच गेल्या. जंतू ओळखीचा झाला होता, त्याला आवरायला हातात काही नव्हतं. आज औषधं आहेत, आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसं क्षयाने आजारी पडली आणि साडेबारा लाख दगावली. आजारी पडलेल्यांत दर चारांमागे एकाहून थोडे अधिक भारतातले होते.

निदानाचा मुख्य आधार अजूनही खोकून काढलेला बेडका आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचा तर एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. जंतू वाढवून पाहायचा तर तो एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस घेतो, त्यामुळे उत्तर यायला आठवडे लागतात. जंतूच्या डीएनएचा शोध घेणाऱ्या यंत्रांनी मोठी मजल मारली आहे. त्यांपैकी एक्सपर्ट नावाच्या चाचणीची नवी आवृत्ती मिलिलिटरमागे वीसहून कमी जंतूही हेरते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र तालुक्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत नेता येतं, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली. पण या साऱ्या तंत्रांना नमुन्यात जंतू यावा लागतो. लहान मुलाला बेडका काढता येत नाही, तो गिळतो. म्हणून पहाटे उपाशीपोटी त्याच्या नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागतं. मणक्याच्या, मेंदूच्या आवरणाच्या किंवा आतड्याच्या क्षयात बेडक्यात बहुधा काहीच नसतं. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या बेडक्यात जंतू विरळ असतात, आणि तोच सर्वांत लवकर दगावतो.

दुसरा मार्ग शरीराच्या स्मरणशक्तीचा. १९०७ मध्ये व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिरके आणि पाठोपाठ फ्रान्सचे शार्ल मांटू यांनी त्वचेवरची चाचणी आणली. हातावर टोचायचं आणि दोन-तीन दिवसांनी आलेली गांध मोजायची. आपल्याकडे घरोघरी ती मांटू टेस्ट म्हणून माहीत आहे. तिच्यात बीसीजी लसीमुळे गोंधळ होतो. म्हणून पुढे जंतूची अशी दोन प्रथिनं वापरणाऱ्या चाचण्या आल्या, जी बीसीजीच्या जंतूत नसतातच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही त्वचेची चाचणी त्यांपैकीच. पण शरीराला जंतू भेटला होता का, एवढंच या चाचण्या सांगतात. तो अजून आत आहे का, जिवंत आहे का, उद्या उठणार आहे का, यावर त्या गप्प असतात. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला कधी ना कधी हा संसर्ग झालेला आहे, आणि त्यातल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात प्रत्यक्ष क्षय होतो. ते पाच-दहा टक्के कोण, हे आज कोणतीही चाचणी खात्रीने सांगू शकत नाही. आरोग्याच्या साऱ्या शास्त्रात इतक्या माणसांना स्पर्श करणारा दुसरा अनुत्तरित प्रश्न मला चटकन आठवत नाही.

रक्ताची चाचणी म्हटलं की आपल्याकडच्या अनेक डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती योग्यच आहे. जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांवर आधारलेल्या रक्तचाचण्या भारतात खासगी प्रयोगशाळांमधून सर्रास होत असत. वर्षाला १५ लाखांच्या आसपास होतात असा अंदाज होता. त्यांचे निकाल इतके बेभरवशाचे होते, की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरूच नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. क्षय नसलेल्यांना सहा महिने औषधं आणि क्षय असलेल्यांना दिलासा, असा तो प्रकार होता. प्रतिपिंड ही शरीराने ठेवलेली आठवण आहे. ज्या देशात जंतू सर्वत्र आहे तिथे आठवणीही सर्वत्र असतात. पुटिकेतलं प्रथिन खुद्द जंतूने बनवलेलं असतं, आणि रक्तात आलेल्या पुटिका लवकरच गाळून काढल्या जातात. आज पुटिकेत जंतूचं प्रथिन सापडलं तर ते अलीकडेच कुणीतरी आत बनवलेलं असणार. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचं मर्म इथे आहे.

आता अडचण. रक्तद्रवाच्या लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम एकट्या अल्ब्युमिनचे असतात. रक्तातलं सर्वांत मुबलक प्रथिन आणि मोजता येणारं सर्वांत दुर्मीळ प्रथिन यांच्या प्रमाणात एकावर दहा शून्यांचं अंतर आहे. जंतूचं प्रथिन त्या दुर्मीळ टोकाला. अशात पुटिका दोन उपकार करतात. त्यांचं आवरण आतल्या प्रथिनाला रक्तातल्या विघटक रसांपासून वाचवतं. आणि पुटिका वेगळ्या काढता येत असल्यामुळे अल्ब्युमिनचा हा डोंगर बराचसा बाजूला सारता येतो. गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने रक्तद्रव तासन् तास फिरवला, की तळाशी पुटिकांचा डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका थर बसतो.

मग त्या थरातली प्रथिनं ट्रिप्सिनने कापतात. हा आपल्या आतड्यातलाच पाचक रस. तो प्रथिनाची साखळी कुठेही तोडत नाही, लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्लं आली की त्यांच्या पुढेच तोडतो. त्यामुळे कोणत्या प्रथिनाचे कोणते तुकडे पडणार हे आधीच गणिताने काढता येतं. वस्तुमान मोजणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, लाखो तुकड्यांच्या गर्दीतून नेमक्या एका वजनाचा तुकडा निवडतं, तो फोडतं आणि त्याच्या ठिकऱ्यांचं वजन पुन्हा मोजतं. आधीचं वजन जुळलं आणि ठिकऱ्यांचीही वजनं जुळली, तरच तो तुकडा ओळखला असं मानतात. तरीही शंका राहू नये म्हणून त्याच तुकड्याची कृत्रिम प्रत मिसळतात. तिच्यातले काही कार्बन आणि नायट्रोजन अणू मुद्दाम किंचित जड निवडलेले असतात. खरा तुकडा आणि त्याची जड जोडी यंत्रात एकाच क्षणी येतात, पण वजनात ठरावीक फरक दाखवतात. एखाद्या अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन जास्त आहे की नाही, एवढ्या फरकावर माणसाच्या छातीतल्या आजाराची ओळख पटवायची! मानवी बुद्धीच्या ज्या करामतींपुढे हात जोडावेसे वाटतात, त्यात मी हिची गणना करतो.

२०१४ मध्ये निकोल क्रू-गार्सिया, डोबोस, शोरी आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने जंतूच्या ३३ प्रथिनांचे ७६ तुकडे शोधायची चाचणी बसवली आणि ती रुग्णांच्या रक्तातल्या पुटिकांवर लावली. क्षयरुग्णांच्या पुटिकांत जंतूची प्रथिनं खरोखरच सापडली. ज्यांचे एकाहून अधिक तुकडे सापडले त्या आठ प्रथिनांची नावं रुक्ष आहेत, पण त्यांची कामं पाहिली तर लपलेल्या जंतूची दिनचर्याच उलगडत जाते.

अँटिजेन ८५ बी आणि ८५ सी ही दोन भावंडं जंतूच्या मेणचट भिंतीवर मायकोलिक आम्लाचे थर चढवतात. त्या भिंतीमुळेच जंतूला रंग सहजी चढत नाही आणि औषधंही सहजी आत शिरत नाहीत. बीएफआरबी लोह साठवून ठेवतं. शरीर जंतूला लोह मिळू नये म्हणून धडपडत असतं, त्यामुळे हा साठा त्याच्या जिवावरचा. जीएलसीबी त्याला चरबीवर जगू देतं. भक्षक पेशीच्या पोटात साखर दुर्मीळ आणि चरबी मुबलक, तेव्हा जंतू खाणं बदलतो आणि हे प्रथिन त्या बदलाचा पुरावा देतं. एचएसपीएक्स तेव्हा भराभर बनतं, जेव्हा जंतूला प्राणवायू अपुरा पडतो आणि तो वाढ थांबवून तग धरायच्या तयारीला लागतो. एपा हे साखरेच्या कणांनी मढवलेलं प्रथिन जंतू बाहेर सोडतो आणि प्रतिकारक पेशी त्याला नीट ओळखतात. एमपीटी६४ क्षयाच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरातलं. कल्चरमध्ये वाढलेला जंतू क्षयाचाच की त्याच्या चुलतभावांपैकी, हे ठरवायला तंत्रज्ञ ज्या लहानशा कार्डावर थेंब टाकून दोन रेघांची वाट पाहतात, ते कार्ड याच प्रथिनाला पकडतं. ज्याला ओळखायला आठवडेच्या आठवडे जंतू वाढवावा लागतो, ते प्रथिन थेट माणसाच्या रक्तात, पुटिकेत बसून फिरत होतं.

आठवं, कॅटजी, मला या साऱ्यांत सर्वाधिक थक्क करतं. भक्षक पेशी जंतूवर पेरॉक्साइडचा मारा करते. कॅटजी तो निष्प्रभ करतं, म्हणजे ही जंतूची ढाल. पण १९५२ पासून क्षयावर वापरलं जाणारं आयसोनियाझिड हे औषध माणसाने बनवलेल्या रूपात जंतूला काहीच करत नाही. ते जंतूत शिरतं, कॅटजी त्याच्यावर काम करतं, आणि त्यातून तयार होणारा रेणू जंतूची भिंत बांधण्याचं काम बंद पाडतो. जंतूची ढालच त्याच्यावर उलटते. ज्या जंतूंत कॅटजी बिघडतं ते आयसोनियाझिडला दाद देत नाहीत. अशा प्रथिनाचा तुकडा रुग्णाच्या रक्तात दिसतो.

इथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. या पुटिका नक्की कुणाच्या? २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात राफाएल प्राडोस-रोझालेस आणि आर्तुरो कासाडेव्हाल यांनी दाखवलं, की क्षयाचा जंतू स्वतःच पुटिका सोडतो. ज्या जाड, मेणचट भिंतीतून काही आरपार जाणं कठीण, तिच्यातून पुटिका बाहेर येतात. लोह कमी पडलं की जंतू अधिक पुटिका सोडतो आणि त्यांत लोह पकडणारा रेणू भरतो, हेही पुढे दिसलं. मग भक्षक पेशीच्या बाहेर सापडणाऱ्या पुटिकांपैकी पेशीच्या कोणत्या आणि जंतूच्या कोणत्या? २०१५ मध्ये क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या गटाने दोन्ही जाती वेगळ्या काढल्या. जंतूच्या भिंतीतला लॅम नावाचा शर्करा-मेद रेणू आणि जंतूची मेदयुक्त प्रथिनं बहुतांशी जंतूच्या स्वतःच्या पुटिकांमध्ये होती, पेशीच्या एक्सोसोममध्ये नव्हती. या गटात हेन्री बूम होते आणि क्लिफर्ड हार्डिंगही. तरुणपणी उंदराच्या तांबड्या पेशीत सोन्याचे ठिपके पाहणारा संशोधक तीन दशकांनी क्षयाच्या पेशीतली हीच उतरंड उलगडत होता.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. पुटिका पेशीची असेल तर तिला रक्तातून पकडायचा आकडा पेशीच्या प्रथिनांवर अडकवावा लागेल. जंतूची असेल तर जंतूच्या रेणूवर. रक्तात बहुधा दोन्ही जाती एकत्र असतात, आणि कुठल्या आजारात कुणाचं प्रमाण किती, हे प्रत्येक नव्या चाचणीला तपासावं लागणार.

न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात टोनी हू यांच्या गटाने दुसऱ्या बाजूने हात घातला. त्यांनी मास स्पेक्ट्रोमीटर बाजूला ठेवला आणि पुटिकांच्या पृष्ठभागावरचा लॅम आणि त्याचं वाहक प्रथिन एलपीआरजी यांना प्रतिपिंडांनी पकडून, अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने त्यांचा प्रकाश मोजला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एचआयव्हीने प्रतिकारशक्ती फार खचलेली, रुग्णालयात दाखल झालेली १४७ मुलं होती. त्यातल्या ७८ मुलांना क्षय होता, आणि या चाचणीने त्यांपैकी ५८ ओळखली. पण माझी नजर दुसऱ्या आकड्यावर खिळली. जंतू शोधणाऱ्या नेहमीच्या चाचण्यांना ज्या ६६ मुलांतला क्षय सापडलाच नव्हता, त्यांपैकी ४८ मुलांत पुटिकांनी तो दाखवला. नाकातून नळी न घालता, थोड्याशा रक्तातून. हे उपकरण स्मार्टफोनवर चालेल इतकं लहानही त्यांनी करून पाहिलं.

प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची वाट अजून लांब आहे, आणि बंदी आलेल्या रक्तचाचण्यांचा इतिहास पाहता ती घाईने कापू नये. लाखपट जोराने फिरणारं यंत्र जिल्हा रुग्णालयात ठेवता येणार नाही. पुटिकांसोबत कोलेस्टेरॉल वाहणारे काही मेदकणही तळाशी बसतात, कारण घनतेने ते जवळपास सारखेच. रक्त कसं काढलं, किती वेळ ठेवलं, प्लेटलेट फुटल्या का, यावरही निकाल हलतो. या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि २०२३ असे तीन वेळा नियम घालून दिले आहेत, ते याचसाठी.

तरीही ज्या अभ्यासाने मला सर्वाधिक विचारात पाडलं तो आजारी माणसांचा नाही. कोलोरॅडोच्या गटाने, कॅरोलिना मेहाफी यांच्या पुढाकाराने, २०२० मध्ये सुप्त संसर्ग असलेल्या माणसांच्या रक्तातल्या पुटिका तपासल्या. ना खोकला, ना ताप, क्ष-किरणाचा फोटो स्वच्छ. यांच्या पुटिकांतही जंतूची प्रथिनं होती, आणि त्यांपैकी जीएलएनए१ हे प्रथिन त्यांतल्या बहुतेकांत आढळलं. हे ग्लुटामिन बनवणारं विकर. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मार्कस हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेला दिसलं होतं, की क्षयाचा जंतू हे विकर भरपूर प्रमाणात स्वतःच्या बाहेर सोडतो आणि त्याच्या निरुपद्रवी नातलगांना ती सवय नाही. ते थोपवणारं रसायन दिलं तर जंतूची वाढ खुंटते. सुप्त म्हणवणाऱ्या जंतूला हे बनवायची गरज का पडते? गाठीतले सगळे जंतू झोपलेले नसतात, काही जागे राहून भिंत बांधत असतात, अशी शंका संशोधकांना इतर पुराव्यांवरून आहेच. जीएलएनए१ रक्तात येणाऱ्यांपैकी पुढच्या दोन-तीन वर्षांत क्षयाने कोण आजारी पडतो आणि ज्यांच्यात ते हळूहळू नाहीसं होतं त्यांच्या गाठी खरोखर विझतात का, हे पाहायला हजारो निरोगी माणसांचं रक्त वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासावं लागेल. घरात क्षयरुग्ण असलेल्या कुटुंबांत हे काम करणं सर्वांत फलदायी ठरेल, आणि अशी कुटुंबं भारताइतकी दुसरीकडे कुठेही नाहीत.